वक्रता, पीळ आणि कृष्ण ऊर्जा : गुरुत्वाकर्षणाच्या दोन समानार्थी कथनांचा विचार

एकच आशय दोन भाषांत सांगितला गेला आणि दोन्ही संहितांतून वाचकाच्या हाती येणारा अर्थ तंतोतंत जुळला, तर त्या दोन संहिता एकच मानाव्यात काय? अनुवादाच्या अभ्यासात हा प्रश्न नवा नाही. ज्या देशात एकच कथा अनेक भाषांतून पुनःपुन्हा सांगितली गेली, त्या देशातील साहित्याच्या अभ्यासकाला तर तो पदोपदी भेटतो. अर्थ जुळला की भेद केवळ वेषाचा उरला, असे त्याचे एक उत्तर आहे. दुसरे उत्तर असे की, प्रत्येक भाषेला पुढचे वाक्य रचण्याच्या स्वतःच्या वाटा असतात. म्हणून आजवरच्या मजकुरात जो भेद दिसत नाही तो पुढे लिहिल्या जाणाऱ्या मजकुरात प्रकट होऊ शकतो. या दोन उत्तरांपैकी कोणते खरे, हा प्रश्न भौतिकशास्त्रात गणिताच्या काटेकोर रूपात उपस्थित झालेला आहे. गुरुत्वाकर्षणाचे वर्णन अवकाश-कालाच्या वक्रतेच्या भाषेत करता येते, तसेच ते पिळाच्या भाषेतही करता येते. दोन्ही वर्णने आजवरच्या सर्व निरीक्षणांबाबत समानार्थी आहेत. मात्र विश्वाच्या त्वरित प्रसरणाचे कारण म्हणून जी कृष्ण ऊर्जा कल्पिली जाते, तिचा धागा या वर्णनांत गुंफताच ती एकमेकांपासून दूर जाऊ लागतात. हे कसे घडते आणि त्यावर काय अवलंबून आहे, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

१. दोन कथने

पृथ्वीच्या गोलावर उत्तर ध्रुवापासून एक प्रवासी हाती बाण घेऊन निघाला आहे, अशी कल्पना करावी. वाटेत बाण कोठेही वळवावयाचा नाही, एवढाच नियम. तो एका रेखावृत्तावरून विषुववृत्तापर्यंत उतरला, विषुववृत्तावरून पृथ्वीच्या घेराचा चौथा भाग चालला आणि दुसऱ्या रेखावृत्तावरून ध्रुवावर परतला, तर हातातील बाण मूळ दिशेशी काटकोन करून असल्याचे त्याला आढळेल. बाण कोणीही वळवलेला नाही, तरी दिशा बदलली आहे. बंद वाटेने फिरून येताना दिशेत पडणारा हा फरक म्हणजेच पृष्ठाच्या वक्रतेचे माप होय. आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी नोव्हेंबर १९१५ मध्ये पूर्ण केलेला व्यापक सापेक्षता सिद्धांत याच कल्पनेवर उभा आहे.

आता नियम बदलावा. प्रत्येक ठिकाणच्या उत्तर दिशेशी बाणाचा कोन तोच राहिला, म्हणजे बाण समांतर राहिला असे ठरवावे. खलाशांनी शतकानुशतके याच रीतीने नौका हाकल्या. या नियमाने बाण कोणत्याही वाटेने फिरवून आणला तरी तो मूळ दिशेतच परत येतो. दोन दूरच्या स्थळांवरील दिशा समांतर आहेत किंवा नाहीत हे वाटेचा विचार न करता सांगता येते. म्हणून या कल्पनेस दूरसमांतरता असे नाव आहे. येथे वक्रता शून्य झाली. गोल मात्र सपाट झालेला नाही. मग त्याचे गोलपण कोठे गेले?

ते चौकोनाच्या न मिटण्यात गेले. विषुववृत्तावरील एकाच बिंदूपासून दोन प्रवासी निघाले. पहिला १,००० किलोमीटर पूर्वेस आणि नंतर १,००० किलोमीटर उत्तरेस गेला. दुसरा आधी तितकाच उत्तरेस आणि नंतर तितकाच पूर्वेस गेला. सपाट मैदानावर ते एकाच जागी भेटले असते. पृथ्वीवर मात्र त्यांच्यात सुमारे १२ किलोमीटरांचे अंतर राहते, कारण उत्तरेकडे जावे तसतशी रेखावृत्ते जवळ येतात. न मिटणाऱ्या या चौकोनातील फट म्हणजे पीळ. पृष्ठ तेच, त्यावरील अंतरेही तीच. एका नियमाने पाहिले तर त्यात वक्रता आहे आणि पीळ नाही, दुसऱ्या नियमाने पाहिले तर पीळ आहे आणि वक्रता नाही.

अवकाशाच्या तीन मिती आणि काळाची एक अशा चार मितींच्या विश्वास हाच विचार लागू पडतो. वक्रतेच्या कथनात सूर्याभोवती फिरणाऱ्या ग्रहावर कोणतेही बल कार्य करीत नाही. वाकलेल्या अवकाश-कालात जो मार्ग सरळ, त्यावरून तो जातो. पिळाच्या कथनात अवकाश-काल वाकलेला नाही. ग्रहाला सरळ मार्गापासून ढळविण्याचे काम पीळ एखाद्या बलाप्रमाणे करतो. बुधाच्या कक्षेचे शतकात ४३ विकलांनी होणारे जादा सरकणे किंवा सूर्याच्या कडेने जाणाऱ्या प्रकाशकिरणाचे १.७५ विकलांचे वळणे, ही दोन्ही उत्तरे दोन्ही कथनांतून एकसारखीच निघतात. पिळाच्या या कथनास व्यापक सापेक्षतेचे दूरसमांतर समतुल्य म्हणतात, ते यामुळेच.

२. पिळाचा पूर्वेतिहास

पिळाची कल्पना भूमितीत स्पष्टपणे आणण्याचे श्रेय फ्रेंच गणिती एली कार्ताँ यांच्या १९२२ मधील कार्यास आहे. वक्रतारहित परंतु पीळयुक्त अवकाशाचा विचार रोलांड वाइट्सेनबॉक यांनी १९२३ च्या ग्रंथात केला होता. आइन्स्टाइन या कल्पनेकडे १९२८ च्या उन्हाळ्यात स्वतंत्रपणे वळले. त्यांना हवा होता एकीकृत क्षेत्र सिद्धांत, म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि विद्युत्-चुंबकत्व या दोहोंना एकाच भूमितीत सामावणारी रचना.

त्यांच्या आशेचे कारण साधे होते. दूरसमांतरतेत प्रत्येक बिंदूवर चार बाणांची एक चौकट मानावी लागते. चार बाणांचे प्रत्येकी चार घटक, म्हणजे एकंदर १६ संख्या. अंतरे मोजण्यासाठी, आणि म्हणून गुरुत्वाकर्षणासाठी, त्यांपैकी १० पुरतात. सहा शिल्लक राहतात. विद्युत् क्षेत्राचे घटक तीन आणि चुंबकीय क्षेत्राचेही तीन. हा मेळ योगायोगाचा नसावा, असे आइन्स्टाइन यांना वाटले. १९२९ च्या आरंभी या सिद्धांताने वृत्तपत्रांत मोठी खळबळ उडविली. कार्ताँ यांनी त्याच वर्षी मे महिन्यात आइन्स्टाइन यांना पत्र लिहून ही कल्पना आपण १९२२ मध्येच पॅरिसच्या भेटीत सांगितल्याची आठवण करून दिली. आइन्स्टाइन यांनी ते मान्य केले आणि कार्ताँ यांनी या कल्पनेचा इतिहास लिहावा असे सुचविले. तो लेख १९३० मध्ये आइन्स्टाइन यांच्या लेखाबरोबरच प्रसिद्ध झाला.

सिद्धांत मात्र टिकला नाही. वोल्फगांग पाउली यांनी १९२९ च्या अखेरीस असे भाकीत केले होते की, वर्षभरात आइन्स्टाइन स्वतःच तो सोडून देतील. वर्षाऐवजी थोडा अधिक काळ लागला एवढेच; जानेवारी १९३२ मध्ये आइन्स्टाइन यांनी पाउलींचे म्हणणे खरे ठरल्याची पत्रातून खिलाडूपणे कबुली दिली. उरलेल्या सहा संख्यांत विद्युत्-चुंबकत्व सापडले नाही. चौकट जागच्या जागी कशीही फिरवली तरी गुरुत्वाकर्षणाचे उत्तर बदलत नाही, एवढाच त्या सहा संख्यांचा अर्थ निघाला.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, या म्हणीचा प्रत्यय पुढील इतिहासात येतो. एकीकरणाचा दावा जळून गेला, पण पिळाची भूमिती उरली. ख्रिश्चन म्योलर यांनी १९६१ मध्ये गुरुत्वाकर्षणाच्या ऊर्जेचे स्थान निश्चित करण्याच्या हेतूने ती पुन्हा हाती घेतली. १९७९ मध्ये केंजी हायाशी आणि ताकेशी शिराफुजी या जपानी शास्त्रज्ञांनी तिची विस्तृत मांडणी केली. पुढे ब्राझीलमध्ये रुबेन आल्द्रोवांदी आणि जोसे पेरेरा यांनी तिला बलसिद्धांताच्या आधुनिक परिभाषेत बसविले. येथे आता विद्युत्-चुंबकत्वाचा हव्यास नव्हता. गुरुत्वाकर्षणाचे दुसरे, तितकेच शुद्ध कथन म्हणून ही भूमिती स्वीकारली गेली. समानार्थी कथनाचा उपयोग काय, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ अनुत्तरित राहिला. त्याला निकड आली ती विश्वस्थितिशास्त्रातील एका अनपेक्षित निरीक्षणामुळे.

३. त्वरित प्रसरण आणि अदिश क्षेत्र

१९९८ मध्ये दूरच्या अतिदीप्त नवताऱ्यांचे वेध घेणाऱ्या दोन स्वतंत्र गटांना असे आढळले की, हे तारे अपेक्षेपेक्षा अंधुक, म्हणजेच अपेक्षेपेक्षा दूर आहेत. विश्वाच्या प्रसरणाचा वेग कमी होण्याऐवजी वाढत आहे, असा त्याचा अर्थ होता. या शोधासाठी सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि ॲडम रीस यांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

गुरुत्वाकर्षण हे आकर्षण असताना प्रसरण वेगावते कसे, याचे सूत्र कोलकात्याचे भौतिकशास्त्रज्ञ अमलकुमार रायचौधुरी यांच्या १९५५ च्या समीकरणात पाहता येते. व्यापक सापेक्षतेत द्रव्याची घनता जशी गुरुत्वाकर्षण निर्माण करते, तसाच त्याचा दाबही करतो. दाब ऋण असेल आणि त्याचे परिमाण ऊर्जेच्या घनतेच्या एकतृतीयांशाहून अधिक असेल, तर आकर्षणाचे अपसारणात रूपांतर होते. अशा ऋण दाबाच्या घटकास कृष्ण ऊर्जा म्हणतात. विश्वाच्या एकूण ऊर्जेत तिचा वाटा सुमारे ६८ टक्के आहे. तरी ती इतकी विरळ आहे की, एका घनमीटर अवकाशात तिचे प्रमाण तीन-चार प्रोटॉनांच्या वस्तुमानाहून अधिक भरत नाही.

दाब आणि घनता यांचे गुणोत्तर हा या विषयातील कळीचा आकडा. ते नेमके उणे एक असेल, तर कृष्ण ऊर्जेची घनता कधीच बदलत नाही. आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये आपल्या समीकरणात घातलेला विश्वस्थिरांक असाच आहे. परंतु निर्वात अवकाशाच्या पुंज-ऊर्जेवरून या स्थिरांकाचा स्थूल अंदाज केला, तर तो निरीक्षणातील मूल्याच्या तुलनेत एकावर सुमारे १२० शून्ये एवढ्या पटींनी मोठा निघतो. या विसंगतीमुळे कृष्ण ऊर्जा स्थिर नसून काळानुसार बदलणारी असावी, हा विचार पुढे आला. दिल्लीच्या आयआयटीत शिकलेले भरत रात्रा आणि जेम्स पीबल्स यांनी, तसेच स्वतंत्रपणे ख्रिस्टोफ वेटेरिश यांनी, १९८८ मध्येच, म्हणजे निरीक्षणाच्या दहा वर्षे आधी, अशा प्रतिमानांची मांडणी केली होती.

त्यांच्या प्रतिमानांचा आधार अदिश क्षेत्र हा आहे. ज्या राशीस प्रत्येक बिंदूवर केवळ मूल्य असते आणि दिशा नसते, ती अदिश राशी. हवामानाच्या नकाशावरील तापमान हे अदिश क्षेत्र होय. वाऱ्याला दिशा असल्याने तो तसा नव्हे. संपूर्ण विश्व व्यापणारे असे एक क्षेत्र मानले आणि ते आपल्या वर्चसाच्या मंद उतारावरून अगदी सावकाश घरंगळत आहे असे धरले, तर त्याचा दाब ऋण राहतो आणि प्रसरण वेगावते.

मराठी वाचकांस या कल्पनेचा एक पूर्वज परिचयाचा असेल. फ्रेड हॉईल आणि जयंत नारळीकर यांनी १९६० च्या दशकात स्थिर-स्थिती विश्वासाठी जे निर्मितिक्षेत्र योजिले होते, तेही ऋण ऊर्जेचे अदिश क्षेत्रच होते आणि त्या विश्वाचे प्रसरणही वेगावणारे होते. १९६५ मध्ये विश्वव्यापी सूक्ष्मतरंग प्रारणाचा शोध लागल्यावर तो सिद्धांत मागे पडला. तथापि, अदिश क्षेत्राच्या ऋण दाबाने विश्वाचे प्रसरण चालविता येते, हा विचार त्यात आधीच होता.

साध्या अदिश क्षेत्राला एक मर्यादा आहे. त्याची गतिज ऊर्जा धन असते. त्यामुळे दाब आणि घनता यांचे गुणोत्तर उणे एकच्या खाली कधीच उतरत नाही. ही सीमा एका बाजूने दुसऱ्या बाजूस ओलांडणे एकाच साध्या क्षेत्राला शक्य नाही. पुढील विवेचनात ही मर्यादा निर्णायक ठरते.

४. सीमापदाचा प्रश्न

गुरुत्वाकर्षणाची समीकरणे क्रिया नावाच्या एका राशीपासून काढली जातात. अवकाश-कालाच्या प्रत्येक बिंदूवर एक संख्या घ्यावयाची आणि त्या सर्व संख्यांची बेरीज करावयाची. ही बेरीज ज्या स्थितीत स्थिर राहते ती स्थिती निसर्ग निवडतो. वक्रतेच्या कथनात ती संख्या वक्रतेवरून ठरते, पिळाच्या कथनात ती पिळावरून ठरते. या दोन संख्या एक नव्हेत. त्यांत एका पदाचा फरक आहे. मात्र त्या पदाची संपूर्ण प्रदेशावरील बेरीज केवळ प्रदेशाच्या सीमेवरील मूल्यांवरून ठरते. म्हणून त्यास सीमापद म्हणतात. समीकरणांवर त्याचा परिणाम होत नाही. दोन्ही कथने समानार्थी ठरतात, ती या एका कारणाने.

एका दृष्टांताने हे स्पष्ट होईल. एखादा हमाल ओझे घेऊन घाटवाट चालत आहे. दर मीटर चढणीस ठराविक मजुरी मिळावी आणि दर मीटर उतरणीस तेवढीच कापली जावी, असा करार आहे. वाट कितीही वळणांची असली तरी अखेरची मजुरी केवळ आरंभीची आणि अखेरची उंची पाहून सांगता येते. मधले सारे चढउतार एकमेकांस फेडतात. आता मजुरीचा दर जागोजाग वेगळा आहे असे मानावे. एका टेकडीवर चढताना दर अधिक आणि तीच टेकडी दुसऱ्या बाजूने उतरताना दर कमी. लगेच मधली वाट हिशेबात येते. दोन टोके तीच असली तरी दोन वाटांची मजुरी निराळी होते.

अदिश क्षेत्राचे कार्य या बदलत्या दराप्रमाणे आहे. क्षेत्र गुरुत्वाकर्षणापासून अलिप्त असेल, म्हणजे क्रियेच्या बेरजेत ते केवळ आपला वाटा जोडत असेल, तर सीमापद सीमेवरच राहते आणि वक्रतेचे कथन व पिळाचे कथन यांतील प्रतिमाने जशीच्या तशी जुळतात. परंतु क्षेत्राचे मूल्य वक्रतेच्या किंवा पिळाच्या राशीस गुणत असेल, तर सीमापदही त्या बदलत्या मूल्याने गुणले जाते आणि ते सीमेवर राहत नाही. प्रदेशाच्या आत उतरते. वक्रतेस गुणणारे क्षेत्र आणि पिळास गुणणारे क्षेत्र यांपासून निघणारी समीकरणे अशा रीतीने भिन्न होतात.

साहित्याच्या अभ्यासकास याचे सादृश्य समासरचनेत सापडेल. जल आणि पाणी हे शब्द समानार्थी आहेत; पुष्कळ वाक्यांत एकाच्या जागी दुसरा घालता येतो. तथापि जल शब्दापासून जलाशय होतो आणि पाणी शब्दापासून पाणवठा, आणि जलाशय म्हणजे पाणवठा नव्हे. समानार्थ स्वतंत्र शब्दांपुरता खरा होता. दुसऱ्या पदाशी जोड होताच दोन्ही शब्दांनी आपापला संसार मांडला.

ज्या सीमापदास दीर्घकाळ टाकाऊ मानले गेले, त्याच्याकडे लक्ष वेधणारे कार्य भारतातही झाले आहे. पुण्याच्या आयुका या संस्थेतील थाणू पद्मनाभन यांनी वक्रतेच्या कथनातील सीमापद आणि कृष्णविवरांच्या क्षितिजाची एंट्रॉपी यांचा निकट संबंध दाखविला. ते कार्य दूरसमांतरतेच्या चौकटीतील नव्हे. तरी समीकरणावर परिणाम न करणारे पद अर्थशून्य असतेच असे नाही, हा धडा दोहोंत समान आहे.

५. दूरसमांतर कृष्ण ऊर्जा

तैवानमधील चाओ-चियांग गेंग, एमान्युएल सारिदाकिस आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये पिळास गुणणाऱ्या अदिश क्षेत्राचे पहिले सुस्पष्ट प्रतिमान मांडून त्यास दूरसमांतर कृष्ण ऊर्जा असे नाव दिले. त्यात क्षेत्राच्या वर्गाने पिळाची राशी गुणली जाते आणि त्या जोडाची तीव्रता एका अंकाने दर्शविली जाते. तो अंक शून्य केला की रात्रा-पीबल्स यांच्या पद्धतीचे नेहमीचे अदिश क्षेत्र परत मिळते. तो शून्याहून भिन्न असला की दाब आणि घनता यांचे गुणोत्तर उणे एकच्या खाली जाऊ शकते, आणि ती सीमा ओलांडूही शकते. त्यासाठी ऋण गतिज ऊर्जेचे क्षेत्र मानावे लागत नाही, हे या प्रतिमानाचे वैशिष्ट्य होय.

वक्रतेस गुणणाऱ्या क्षेत्रानेही ही सीमा ओलांडता येते, हे येथे नमूद केले पाहिजे. तेव्हा दोहोंत भेद तो काय? वक्रतेच्या कथनात अंतरे मोजण्याचे माप जागोजाग योग्य रीतीने बदलले, तर क्षेत्राची गुरुत्वाकर्षणाशी असलेली गुंफण सोडविता येते आणि प्रतिमान पुन्हा साध्या गुरुत्वाकर्षणाच्या रूपात लिहिता येते. पिळाच्या कथनात ही युक्ती चालत नाही; माप बदलताच एक जादा पद उरते. म्हणजे येथील गुंफण हा केवळ मापाच्या निवडीचा परिणाम नाही. पिळाच्या भाषेत रचलेले हे वाक्य वक्रतेच्या नेहमीच्या शब्दांत उतरवता येत नाही, असाच याचा अर्थ.

२०१५ मध्ये सेबास्तियन बाहामोंदे आणि मॅथ्यू राइट यांनी एक पाऊल पुढे टाकले. क्षेत्राची जोड पिळाशी वेगळी आणि सीमापदाशी वेगळी ठेवावी, असे त्यांनी सुचविले. दोन्ही जोड योग्य प्रमाणात घेतल्या तर वक्रतेचे जुने प्रतिमान मिळते. सीमापदाची जोड वगळली तर दूरसमांतर कृष्ण ऊर्जा मिळते. आणि केवळ सीमापदाशीच जोड ठेवली तर एक नवेच विश्व मिळते, ज्यात प्रसरण उशिराच्या काळात आपोआप वेगावण्याच्या स्थितीकडे ओढले जाते. दोन कथनांचे नाते या मांडणीत अगदी उघडे होते. ती एका मोठ्या कुळाच्या दोन शाखा ठरतात, आणि त्यांचे जुळणे हा त्या कुळातील विशेष प्रसंग ठरतो.

६. अडचणी आणि कसोट्या

हे प्रतिमान निर्वेध नाही. आइन्स्टाइन यांच्या त्या सहा शिल्लक संख्या येथे नव्या रूपात परत येतात. साध्या समतुल्य कथनात चौकट कशीही फिरवली तरी चालत असे. पीळ अदिश क्षेत्राने गुणला गेला किंवा पिळाच्या राशीचे अन्य कोणतेही फलन घेतले, की चौकटीची निवड निष्पत्तीवर परिणाम करू लागते. निरीक्षकाची चौकट बदलल्याने निसर्गनियम बदलू नये, या सापेक्षतेच्या मूळ तत्त्वास यामुळे बाध येतो, अशी टीका बाओजिऊ ली, थॉमस सोतिरिऊ आणि जॉन बॅरो यांनी २०११ मध्ये केली. पुढे मार्टिन क्रश्शाक आणि सारिदाकिस यांनी चौकटीबरोबर तिच्या जडत्वाच्या परिणामांचाही स्वतंत्र हिशेब ठेवून समीकरणे कोणत्याही चौकटीत एकाच रूपाची राहतील अशी मांडणी २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. त्याने औपचारिक आक्षेप दूर झाला. पण सिद्धांतात स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या राशी नेमक्या किती आणि एकविध प्रसरणाऱ्या विश्वात त्यांपैकी काही लुप्त का होतात, या प्रश्नांवर मतभेद चालूच आहेत.

निरीक्षणाच्या कसोट्याही कठोर आहेत. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून आलेले गुरुत्वीय तरंग आणि गॅमा किरण पृथ्वीवर अवघ्या १.७ सेकंदांच्या अंतराने पोचले. दोहोंचा वेग जवळजवळ तंतोतंत एक असल्याचे त्यावरून सिद्ध झाले आणि वक्रतेच्या भाषेत रचलेली अदिश क्षेत्राची कितीतरी गुंतागुंतीची प्रतिमाने एका दिवसात त्याज्य ठरली. पिळास क्षेत्राने गुणणारे साधे प्रतिमान या कसोटीस उतरते, कारण त्यात तरंगांचा वेग प्रकाशाइतकाच राहतो. इतकेच नव्हे, तर त्याज्य ठरलेल्या प्रतिमानांपैकी काहींना पिळाच्या भाषेत रचल्यास पुन्हा स्थान मिळू शकते, असे बाहामोंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. मात्र या प्रतिमानात प्रवासातील तरंगांची तीव्रता निराळ्या रीतीने घटते. त्यामुळे तरंगांवरून मोजलेले अंतर आणि प्रकाशावरून मोजलेले अंतर यांत तफावत पडली पाहिजे. अशा तफावतीचा शोध घेण्यास अनेक दूरदूरच्या वेधयंत्रांची गरज आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या लायगो-इंडिया प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली, तिचे महत्त्व या संदर्भातही आहे.

दुसरी कसोटी दीर्घिकांच्या नकाशाची. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात किट पीक येथील चार मीटर व्यासाच्या दूरदर्शीवर बसविलेले डेसी हे उपकरण एकाच वेळी ५,००० दीर्घिकांचा वर्णपट घेते. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या त्याच्या निष्कर्षांत १ कोटी ४० लाखांहून अधिक दीर्घिका आणि क्वेसार यांचा समावेश होता. इतर निरीक्षणांशी सांगड घातली असता कृष्ण ऊर्जा स्थिर नसून बदलत असावी, असा कल त्यांत दिसला. नवताऱ्यांची कोणती यादी वापरली यानुसार या कलाची खात्री २.८ ते ४.२ प्रमाण विचलनांची भरते. शोध म्हणून मान्यता मिळण्यास पाच लागतात. हा कल नेहमीच्या रीतीने वाचला तर दाब आणि घनता यांचे गुणोत्तर पूर्वी उणे एकच्या खाली होते आणि आता वर आले आहे, असे दिसते. साध्या अदिश क्षेत्रास जी सीमा ओलांडता येत नाही, नेमकी तीच ही सीमा. म्हणून अदिश क्षेत्र गुरुत्वाकर्षणाशी गुंफलेले असल्यास ते वक्रतेशी की पिळाशी, हा एके काळी केवळ सौंदर्यदृष्टीचा वाटणारा प्रश्न आता मोजमापाच्या कक्षेत येऊ पाहत आहे. हा कल पुढील निरीक्षणांत विरून गेला, तर विश्वस्थिरांक कायम राहील आणि दोन्ही कथने पूर्ववत समानार्थी राहतील, हेही तितकेच खरे.

७. उपसंहार

गुरुत्वाकर्षणाचे तिसरेही एक कथन आहे. त्यात वक्रता नाही आणि पीळही नाही. एका जागेवरून दुसऱ्या जागी नेताना लांबीच बदलते. १९९९ मध्ये जेम्स नेस्टर आणि ह्वे-जांग यो यांनी ते मांडले, आणि अलीकडे या तिन्ही कथनांचा एकत्र विचार भूमितीची त्रयी म्हणून केला जातो. तेथेही हीच गोष्ट आढळते : मूळ सिद्धांतापुरती तिघांची वाणी एक, विस्तार करताच तिघांच्या वाटा तीन.

यावरून आरंभीच्या प्रश्नाचे निदान एका क्षेत्रापुरते तरी नेमके उत्तर मिळते. दोन कथने एकच आहेत असे म्हणताना, कशापुरती एकच, हे सांगणे आवश्यक असते. वक्रता आणि पीळ यांतील सारा भेद एका सीमापदात साठलेला होता आणि ते पद टाकून दिले तरी काही बिघडत नव्हते. नवे क्षेत्र जोडले जाईपर्यंत ते टाकणे रास्तच होते. परंतु टाकलेले पद म्हणजे नसलेले पद नव्हे. दोन समानार्थी संहितांपैकी एक अनावश्यक मानून बाजूला सारणाऱ्याने, तिच्यातूनच पुढे लिहिता आले असते असे वाक्यही त्याबरोबर बाजूला सारलेले असते. विश्वाच्या सुमारे दोनतृतीयांश ऊर्जेचे स्वरूप अद्याप अज्ञात असताना एवढा त्याग करणे भौतिकशास्त्रास परवडणारे नाही. म्हणून एकाच गुरुत्वाकर्षणाची दोन्ही कथने जतन करून ठेवणे, आणि त्यांपैकी कोणते पुढे चालवावयाचे याचा निर्णय निरीक्षणावर सोडणे, हीच आज या विषयातील शहाणपणाची रीत ठरते.